मेडल मिळालंच नाही? आधी तुटलेली नोंद शोधा, मग अर्ज लिहा

माजी सैनिकाच्या घरात मेडलचा विषय निघतो तो बहुधा १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारी जवळ आली की. ग्रामपंचायतीचं झेंडावंदनाचं बोलावणं येतं, ट्रंकेतून मेडलची पट्टी बाहेर निघते, आणि मग कुणीतरी विचारतं की त्याच पलटणीत, त्याच वर्षांत असलेल्या शेजारच्या आबांच्या कोटावर पाच आणि आपल्या आबांच्या कोटावर दोनच कशी? चर्चा चहाबरोबर संपते. फार तर रेकॉर्ड ऑफिसला एक पत्र जातं, "माझी सर्व मेडल मिळावीत, ही विनंती."

या एका ओळीच्या पत्राचं पुढं काही होत नाही. "तपशील पाठवा" असं उत्तर येतं किंवा उत्तरच येत नाही. यात दरवेळी समोरच्याची बेफिकिरी असतेच असं नाही. कोणतं मेडल, कोणत्या काळातल्या, कोणत्या ठिकाणच्या नोकरीबद्दल, हे न सांगता मागणी केली तर टेबलावरचा क्लार्क शोधणार काय? फौजेत मेडल नोंदीच्या मागून येतं. नोंद सापडली किंवा दुरुस्त झाली की मेडल हा निव्वळ पाठपुराव्याचा भाग उरतो. नोंद नसेल तर कितीही वर्षं अर्ज करा, हाती काही लागत नाही. म्हणून मेडल मागण्याआधी साखळी कुठं तुटली ते शोधायचं.

साखळी कशी असते

एखाद्या मोहिमेसाठी मेडल जाहीर होतं तेव्हा त्याची अधिसूचना भारताच्या राजपत्रात निघते. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या भागात, किती दिवस, हे त्यात लिहिलेलं असतं. मग पलटण आपल्या पात्र जवानांची नामावली बनवते, पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदीत भर घालणारा अधिकृत आदेश) काढते आणि ती रेकॉर्ड ऑफिसला जाते. तिथं जवानाच्या शीट रोलवर, म्हणजे त्याच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रकावर, नोंद चढते. टाकसाळीतून मेडल आल्यावर त्याच्या कडेवर नंबर आणि नाव कोरतात आणि ते पलटणीकडं किंवा निवृत्त माणसाच्या घरच्या पत्त्यावर पाठवतात.

यातली कुठलीही कडी तुटू शकते, आणि बहुतेक वेळा ती बदलीच्या किंवा निवृत्तीच्या सुमारास तुटते. नामावली बनत होती तेव्हा तुम्ही कोर्सला होतात. किंवा मेडल पलटणीत पोचलं तेव्हा तुम्ही राष्ट्रीय रायफल्समध्ये होतात. काही वेळा मेडल जाहीर व्हायलाच इतकी वर्षं गेली की तोवर तुम्ही पेन्शनीत आलात आणि गावचा पत्ता बदलला. ड्रायव्हर, स्वयंपाकी, सिग्नलवाले, नर्सिंग असिस्टंट यांच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण ही माणसं दुसऱ्या युनिटला अटॅचमेंटवर, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवर, जातात. लढाईत हजर होते ते एका युनिटबरोबर आणि नोंद राहिली दुसऱ्याकडं. मूळ युनिटनं "आमचं युनिट तिकडं नव्हतं" म्हणायचं आणि ज्यांच्याबरोबर ते होते त्यांनी "हा आमचा माणूस नव्हे" म्हणायचं. दोघंही खरं बोलतात आणि मधल्या मध्ये मेडल जातं.

तेव्हा तुमचं प्रकरण यातलं कुठलं ते आधी ठरवा. नोंद आहे पण मेडल हातात आलं नाही, हे सर्वांत सोपं. मेडल मिळालं होतं पण हरवलं, त्याचा मार्ग वेगळा. आणि हक्क आहे पण नोंदच नाही, हे खरं मेहनतीचं काम. या लेखाचा बराचसा भाग त्याच्यासाठी आहे.

स्टार वेगळा, मेडल वेगळं

इथं थोडं थांबायला हवं, कारण निम्मे अर्ज इथंच चुकतात.

मोठ्या लढायांसाठी आपल्याकडं बहुधा दोन पदकं निघाली. एक प्रत्यक्ष रणक्षेत्रात असलेल्यांसाठी आणि दुसरं त्या काळात फौजेत असलेल्या सगळ्यांसाठी. १९६५ च्या लढाईचा समर सेवा स्टार हा रणक्षेत्रातल्यांचा. रक्षा मेडल मात्र ५ ऑगस्ट १९६५ रोजी फौजेच्या पटावर असलेल्या आणि १८० दिवसांची नोकरी झालेल्यांना. १९७१ ला पूर्वेकडं असलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडं असलेल्यांना पश्चिमी स्टार. संग्राम मेडल मात्र ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात सेवेत असलेल्यांसाठी, मग तो माणूस आघाडीवर असो की डेपोत. कारगिलच्या वेळीही तसंच, ऑपरेशन विजय स्टार त्या भागातल्या लढाईत असलेल्यांना आणि ऑपरेशन विजय मेडल त्याहून कितीतरी मोठ्या वर्गाला.

अर्जाच्या दृष्टीनं हा फरक फार कामाचा आहे. सर्वांसाठीच्या मेडलला फक्त भरतीची आणि सुटण्याची तारीख सिद्ध करावी लागते, आणि ती तुमच्या डिस्चार्ज बुकात (फौजेतून सुटताना मिळालेल्या सेवापुस्तकात) पहिल्या पानांवरच असते. स्वातंत्र्याच्या वर्धापनदिनाची मेडलही याच वर्गातली. १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असाल तर २५ व्या वर्धापनदिनाचं, १५ ऑगस्ट १९९७ ला असाल तर ५० व्याचं, १५ ऑगस्ट २०२२ ला असाल तर ७५ व्याचं. नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या दीर्घ सेवेची मेडलही सेवेच्या हिशोबावरच. स्टारला, किंवा सैन्य सेवा मेडलच्या जम्मू-काश्मीर, हिमालय अशा क्लास्पला (मेडलच्या रिबनवर लावायच्या, ठिकाणाचं नाव असलेल्या पट्टीला), तुम्ही त्या जागी होतात हे दाखवावं लागतं. उंचीवरच्या सेवेच्या मेडलला तर ९,००० फुटांवर १८० दिवसांचा हिशोब लागतो. सियाचेनचं मेडल वेगळं, ते १९८४ च्या एप्रिलपासून हिमनदीवर केलेल्या सेवेसाठी. श्रीलंकेतल्या शांतिसेनेत १९८७ ते १९९० दरम्यान गेलेल्यांनी विशेष सेवा मेडलचा श्रीलंका क्लास्प आपल्या पटावर आहे का ते पाहावं.

माझा सल्ला असा की सोपी मेडल आणि अवघड मेडल एकाच अर्जात मिसळू नका. एकत्र लिहिलं की अवघड प्रश्नापायी सोपा प्रश्नही त्याच फायलीत अडकून पडतो. आधी तारखांवर मिळणारी मागा, ती नोंद करून घ्या, मग स्टारच्या मागे लागा.

आणखी एक गोंधळ गावोगाव दिसतो. सेना मेडल आणि सैन्य सेवा मेडल ही दोन वेगळी पदकं आहेत. पहिलं शौर्याचं किंवा विशेष कर्तव्यनिष्ठेचं, शिफारशीवर मिळणारं. दुसरं ठरावीक भागात ठरावीक मुदत नोकरी केल्याचं. शौर्यपदकासाठी त्या वेळी युनिटनं शिफारस केलेली असावी लागते, ती "रेकॉर्ड दुरुस्त करा" म्हणून मागता येत नाहीत. तसंच मेरिटोरियस सर्व्हिस मेडल आणि लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्ट मेडल ही नुसती वर्षं भरली म्हणून मिळत नाहीत, त्यांना निवड असते. यातलं काही राहिलं असेल तर तो वेगळा विषय आहे, या अर्जात तो आणू नका.

एका नाईकांचा हिशोब

समजा, साताऱ्याकडचे एक नाईक. जानेवारी १९७० ला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती, १९८७ ला १७ वर्षं करून पेन्शन. १९७१ ला ते १ मराठा, म्हणजे जंगी पलटणीत होते. ही पलटण डिसेंबर १९७१ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला लढली आणि पुढं जाऊन टांगाईलजवळ उतरलेल्या २ पॅरा या छत्रीधारी पलटणीला मिळाली. नंतरची काही वर्षं काश्मीरमध्ये.

कागदावर यांचा हक्क असा दिसतो: पूर्वी स्टार, संग्राम मेडल, २५ व्या वर्धापनदिनाचं मेडल, नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल, आणि काश्मीरमधली मुदत भरत असेल तर जम्मू-काश्मीर क्लास्पसह सैन्य सेवा मेडल. वीस वर्षांचं नाही, कारण नोकरी १७ ची. ५० व्या वर्धापनदिनाचं नाही, कारण १९९७ ला ते घरी होते.

आता त्यांच्या डिस्चार्ज बुकातल्या मेडलच्या रकान्यात फक्त संग्राम आणि नऊ वर्षांचं असेल, तर मागायचं काय ते आपोआप स्पष्ट होतं. २५ व्या वर्धापनदिनाचं तारखेवर मिळण्यासारखं आहे. पूर्वी स्टारसाठी डिसेंबर १९७१ मध्ये ते जंगी पलटणीबरोबर पूर्वेत होते की त्या वेळी रजेवर, ट्रेनिंग सेंटरला किंवा इस्पितळात होते, हे पाहावं लागेल. पलटण तिथं होती म्हणून माणूस तिथं होता असं रेकॉर्ड ऑफिस मानत नाही, आणि ते बरोबरच आहे.

असा तक्ता एका कोऱ्या कागदावर स्वतःसाठी करा. डाव्या बाजूला वर्षं आणि युनिट, मध्ये ठिकाण, उजवीकडं त्या काळात लागू होणारं मेडल, आणि शेवटी "नोंद आहे की नाही". आबांना विचारत विचारत करा. तारखा चुकतील, पण "पाऊस लागायच्या आधी ट्रेननं सिलिगुडीला उतरलो" अशा आठवणी निघतात आणि त्यावरून महिने जुळवता येतात.

कागद आणि नावं

मूळ डिस्चार्ज बुक हा सगळ्याचा पाया. सोबत पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र, आधार, आणि घरात असतील तर जुने मूव्हमेंट ऑर्डर, रजेचे सर्टिफिकेट, कोर्सचे निकाल, लष्करी इस्पितळाचे डिस्चार्ज कागद. मूळ प्रत कुणालाही, कितीही ओळखीचा असला तरी, पोस्टानं पाठवायची नाही. सही करून साक्षांकित झेरॉक्स पाठवायची.

जुनी पत्रं फेकू नका. आंतर्देशीय पत्रांवर फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारखेचा शिक्का असतो. पत्त्यात ५६ एपीओ की ९९ एपीओ (फौजेच्या टपाल कार्यालयाचा नंबर), यावरूनही बाजू कळते, कारण ९९ एपीओ पूर्वेकडचं. आजींनी गोधडीच्या घड्यांत जपलेलं डिसेंबर ७१ चं एक पत्र एकट्यानं हक्क सिद्ध करणार नाही, पण दुसऱ्या कागदाला भक्कम जोड देतं.

आता नावांचं. हा आपल्याकडचा खास घोळ आहे. भरतीच्या वेळी क्लार्कनं इंग्रजीत जे ऐकलं ते लिहिलं. कुणाचं आडनावच गळालं आणि वडिलांचं नाव आडनावाच्या जागी बसलं. जाधवचं जाधाव झालं. गावचं नाव पोस्टाचं एक आणि महसुलाचं दुसरं. डिस्चार्ज बुकात एक, आधारवर दुसरं असेल तर अर्ज तिथंच अडतो. अशा वेळी पत्रात नाव जसं फौजेच्या कागदात आहे तसंच लिहा, आणि आधारवरचं नाव वेगळं असल्यास एकाच व्यक्तीची दोन्ही नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. नावाची कायमची दुरुस्ती करायची असेल तर ती वेगळी प्रक्रिया आहे. मेडलचा अर्ज तिच्यात गुंतवू नका.

नंबरकडंही नीट पाहा. नायब सुभेदार झाल्यावर "जेसी" या अक्षरांनी सुरू होणारा नवा नंबर मिळतो. त्याआधीच्या नोकरीचं सगळं जुन्या नंबरखाली असतं. अर्जात दोन्ही लिहा. निवृत्तीनंतर डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये पुन्हा नोकरी केली असेल तर आणखी वेगळा नंबर असतो आणि ते रेकॉर्ड कन्नूरला असतं. पहिल्या नोकरीतल्या मेडलसाठी मात्र मूळ रेजिमेंटकडंच जावं लागतं. कन्नूरला पाठवलेला अर्ज फिरून परत येण्यात महिने जातात.

अर्ज कुणाकडं

जवान आणि जेसीओंचा (नायब सुभेदार, सुभेदार अशांचा) अर्ज त्यांच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसकडं जातो. महाराष्ट्रातल्या बहुतेकांना लागणारी ठिकाणं अशी: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, चिलखती दल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं अहिल्यानगरला, गार्ड्सचं कामठीला. सिग्नल्सचं जबलपूर, ईएमई आणि ऑर्डनन्सचं सिकंदराबाद, मेडिकल कोअरचं लखनऊ. नौसैनिकांसाठी मुंबईत मानखुर्दचं ब्युरो ऑफ सेलर्स, हवाई दलाच्या एअरमनसाठी दिल्लीत सुब्रोतो पार्कचं रेकॉर्ड ऑफिस. अधिकाऱ्यांचं रेकॉर्ड दिल्लीला लष्कराच्या मुख्यालयात असतं.

स्पर्श पोर्टलवर तक्रार टाकून बघणारेही पुष्कळ आहेत. स्पर्श पेन्शनसाठी आहे. सेवा मेडलचा तिथं काही संबंध नाही आणि या मेडलमुळं पेन्शनमध्ये एक रुपयाही वाढत नाही. "मेडल लावून देतो, मग वाढीव पेन्शन लागेल" असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जरूर जा. मेडल देण्याचा अधिकार त्यांना नाही, पण अर्जावर त्यांचा शेरा आणि पुढं पाठवल्याचं पत्र असलं की ओळख पटवण्याचा प्रश्न बराच सुटतो. तालुक्याला ठरलेल्या दिवशी कल्याण संघटक येतात, त्यांना कागद दाखवून घ्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी किंवा शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावांत तर गावातच असा जाणता माणूस सापडतो, ज्यानं दहा जणांचे अर्ज लिहिलेले असतात.

आधी माहितीचा अधिकार

नोंद आहे की नाही हे माहीत नसताना दुरुस्ती मागणं म्हणजे अंधारात दगड मारणं. म्हणून पहिली पायरी माहितीच्या अधिकाराची. २००५ च्या कायद्याखाली १० रुपये शुल्कात, ३० दिवसांच्या मुदतीत, स्वतःच्या सेवेची कागदपत्रं मागता येतात. केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवर भारतीय लष्कर निवडून अर्ज टाकता येतो, किंवा पोस्टल ऑर्डर लावून टपालानं. चुकीच्या कार्यालयात गेला तरी त्यांनी तो योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. प्रतींसाठी पानाला दोन रुपये लागतात.

प्रश्न नेमके विचारा. "मला मेडल का दिलं नाही?" हा प्रश्न माहिती अधिकारात बसत नाही, त्याला "स्पष्टीकरण देणं बंधनकारक नाही" असं उत्तर येतं. त्याऐवजी हे मागा:

- माझ्या शीट रोलची साक्षांकित प्रत, पदकांच्या नोंदीच्या पानासह.
- माझ्या नावे नोंद असलेल्या सर्व पदकांची आणि क्लास्पची यादी, संबंधित पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख.
- यातली कोणती पदकं प्रत्यक्ष पाठवली, कोणत्या तारखेला, कोणत्या युनिटला किंवा पत्त्यावर, आणि न पोचता परत आली असल्यास त्याची नोंद.
- अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी कोणत्या युनिटच्या पटावर होतो आणि कुठं अटॅच होतो, याची नोंद.

उत्तर असमाधानकारक आलं किंवा मुदतीत आलंच नाही तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा. बऱ्याचदा कागद अपिलातच बाहेर निघतात.

पेन्शन न घेता बाहेर पडलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लष्कराच्या नियमांनुसार त्यांची सेवा कागदपत्रं २५ वर्षांनंतर नष्ट करता येतात. १९६२ नंतरच्या घाईत भरती होऊन लवकर सुटलेल्या अनेकांना "कागद नष्ट झाले" हे उत्तर येतं. पण लाँग रोल (सगळ्या जवानांची मुख्य नोंदवही) कायम ठेवला जातो. त्यात भरती आणि सुटण्याची तारीख असते, आणि रक्षा मेडल किंवा संग्राम मेडलसारख्या तारखांवरच्या मेडलला तेवढं पुरतं. म्हणून अर्जात लाँग रोलच्या उताऱ्याची मागणी वेगळी लिहाच.

अर्जाचा मसुदा

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत असलेला बरा, कारण बेळगाव असो की जबलपूर, तिथला क्लार्क मराठी वाचणारा असेलच असं नाही. मजकूर असा:

"प्रति, प्रमुख अभिलेख अधिकारी, … अभिलेख कार्यालय.
विषय: … पदकाची सेवा अभिलेखात नोंद करून पदक मिळण्याबाबत.
१. माझा सेवा क्रमांक … (जुना क्रमांक …), हुद्दा …, नाव …, युनिट …. भरतीची तारीख …, निवृत्तीची तारीख …, पीपीओ क्रमांक ….
२. दिनांक … ते … या काळात मी … युनिटमध्ये … येथे सेवेत होतो.
३. या सेवेसाठी मी … पदकास पात्र आहे. डिस्चार्ज बुकात या पदकाची नोंद नाही / नोंद आहे परंतु पदक मिळालेले नाही.
४. पुरावा म्हणून पुढील कागदांच्या साक्षांकित प्रती जोडल्या आहेत: …
५. तरी अभिलेख तपासून आवश्यक ती पार्ट टू ऑर्डर प्रसिद्ध करावी, पदक खालील पत्त्यावर पाठवावे, आणि विनंती मान्य नसल्यास कारणांसह लेखी कळवावे."

पाचव्या मुद्द्यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. लेखी नकार हातात असला तर पुढं दाद मागता येते. तोंडी "नाही होत" म्हटल्याचा काही उपयोग नाही.

भाषा साधी ठेवा. देशासाठी काय सोसलं याची दोन पानं लिहायचा मोह होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण वाचणाऱ्याला नंबर, तारीख आणि युनिट हवं असतं. अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा, पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा, आणि सगळ्या पत्रव्यवहाराची एक फाइल करा.

पुरावा तोकडा असेल तर

सर्वांत वजनदार पुरावा म्हणजे पार्ट टू ऑर्डर किंवा शीट रोलची नोंद. त्याखालोखाल त्याच काळातले सरकारी कागद: मूव्हमेंट ऑर्डर, इस्पितळाचे कागद, रजेचं सर्टिफिकेट. जखमी होऊन फील्ड इस्पितळात दाखल झालेल्याचा केस पेपर ठिकाण आणि तारीख दोन्ही सांगतो, म्हणून तो फार मोलाचा. जुने सोबती प्रतिज्ञापत्र देतात, ते जरूर घ्या. त्यात त्यांचा नंबर, हुद्दा, त्या वेळची कंपनी आणि त्यांना स्वतःला तेच मेडल मिळाल्याचा उल्लेख असावा. नुसतं "हे आमच्याबरोबर होते" एवढंच लिहिलेलं प्रतिज्ञापत्र फार कमी उपयोगाचं.

अटॅचमेंटच्या प्रकरणात दोन्ही युनिटांची नावं लिहून रेकॉर्ड ऑफिसला त्या युनिटकडून पडताळणी करून घ्यायची विनंती करा. युनिट बरखास्त झालं असेल तर तसं नमूद करा, म्हणजे शोध रेजिमेंटल सेंटरकडं वळतो.

माणूस हयात नसेल तर

पत्नी किंवा कायदेशीर वारस अर्ज करू शकतात. मृत्यूचा दाखला, कुटुंब निवृत्तिवेतनाचा पीपीओ, विधवा ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा जोडायचा. पत्नी हयात असेल तर अर्ज तिच्याच नावानं जाऊ द्या. मुलांनी किंवा नातवानं परस्पर केला की वारसाचा प्रश्न उपस्थित होतो. भावाभावांत आधीच वाद असेल तर इतरांचं ना हरकत पत्र आधीच जोडून टाका. मेडलसाठी वाद कसला, असं वाटेल. वाद होतात.

हरवलेलं मेडल

नोंद आहे, मेडल मिळालंही होतं, पण घरफोडीत किंवा पुरात गेलं, तर पोलिसांकडं हरवल्याची नोंद करा, प्रतिज्ञापत्र करा आणि रेकॉर्ड ऑफिसकडं दुसरी प्रत मागा. पहिल्यांदा मिळणाऱ्या हक्काच्या मेडलला पैसे पडत नाहीत. बदली प्रतीला किंमत भरावी लागते. कॅन्टोन्मेंटच्या बाजारात मेडलची नक्कल मिळते आणि मूळ मेडल जपून ठेवून कोटावर नक्कल लावणारे बरेच आहेत. त्यात गैर काही नाही. मात्र नोंद नसलेलं मेडल विकत घेऊन लावू नका. कितीही खात्री असली तरी आधी नोंद.

उत्तरच येत नाही तेव्हा

दोन-तीन महिने वाट पाहून स्मरणपत्र पाठवा, आधीच्या पत्राची तारीख आणि पोस्टाचा क्रमांक देऊन. तरी हालचाल नाही तर सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाकडं तक्रार नोंदवा. फोन करत बसण्यापेक्षा हे बरं, कारण तक्रारीला क्रमांक पडतो आणि ती बंद करायला कुणाला तरी लेखी उत्तर द्यावं लागतं. "रेकॉर्ड ऑफिसकडं पाठवली" एवढंच लिहून बंद केली तर त्याच पोर्टलवर अपील करता येतं.

यानंतरचा दरवाजा सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा. २००७ च्या कायद्यानं ते स्थापन झालं आणि मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. निवृत्त माणूस जिथं राहतो त्या भागाच्या खंडपीठाकडं जाऊ शकतो, त्यामुळं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला किंवा सागरला असलं तरी साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या माणसाला मुंबईत दाद मागता येते. गोव्यातल्यांनाही मुंबईच. आधी विभागाकडं अर्ज केलेला असावा लागतो. लेखी नकार आल्यापासून सहा महिन्यांत जायचं असतं. उत्तरच आलं नाही तर अर्जानंतर सहा महिने वाट पाहायची आणि त्यापुढच्या सहा महिन्यांत जायचं. उशीर झाला असेल तर तो माफ करण्याची विनंती कारणांसह करता येते. सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ अशा दलांतल्यांची प्रकरणं इथं चालत नाहीत, त्यांना उच्च न्यायालयात जावं लागतं.

एका मेडलसाठी न्यायाधिकरणापर्यंत जावं का? माझं मत असं की तारखांवरच्या मेडलसाठी तिथवर जायची वेळ सहसा येऊ नये, माहिती अधिकार आणि नीट लिहिलेला अर्ज पुरेसा होतो. स्टारसाठी, हातात सरकारी कागद असेल आणि तरी नकार आला असेल, तर जावं. हातात फक्त आठवण असेल तर वकिलाची फी देण्याआधी तेच श्रम जुने सोबती आणि जुने कागद शोधण्यात घालवावेत.

पाकीट आल्यावर

नोंद मंजूर झाल्यावर लगेच मेडल येतंच असं नाही. टाकसाळीचा पुरवठा नसेल तर थांबावं लागतं. तोवर नोंद झाल्याचं पत्र किंवा पार्ट टू ऑर्डरची प्रत मागून घ्या, ती जास्त महत्त्वाची. मेडल हाती आलं की भिंग घेऊन कडेवरचा नंबर आणि नाव डिस्चार्ज बुकाशी ताडून पाहा. आकडा चुकला असेल तर तसं पत्र लगेच पाठवा, कारण चुकीचा नंबर दुसऱ्याच माणसाचा असू शकतो आणि त्याचं मेडल तुमच्या घरी, तुमचं त्याच्या घरी गेलेलं असतं. क्लास्प मागितला असेल तर तो मेडलबरोबर आला आहे का तेही तपासा, बऱ्याचदा तो मागं राहतो. त्यानंतर डिस्चार्ज बुकात नव्या मेडलची नोंद करून शिक्का घ्यायची व्यवस्था विचारा. हे काम रेकॉर्ड ऑफिसचं असतं, आणि त्यासाठी मूळ पुस्तक द्यावं लागलं तर ते स्वतः घेऊन जा, पोचपावती घ्या, आणि पानांचे फोटो आधीच काढून ठेवा.